मागे फिरायचं आधी ठरव

पुणे,
१२ ऑक्टोबर

चि. सोनूस,


तू पाठवलेलं माहितीपत्रक वाचलं. काल ताईचाही फोन येऊन गेला. मी तुला एव्हरेस्टचा नाद सोडायला सांगावं अशी तिची अपेक्षा आहे. तसं मी सांगणार नाही. हिमालयाची ओढ लागलेल्या माणसाला ‘जाऊ नकोस’ म्हणून उपयोग नसतो, आणि ती ओढ मला काही परकी नाही. पण येत्या वसंतातल्या मोहिमेचा पहिला हप्ता या महिनाअखेरीस भरायचा आणि त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढायचं, हा जो बेत तू लिहिला आहेस त्याला माझा विरोध आहे. तो का, हे फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. सवडीनं वाच.

पैसे भरून, शेर्पांच्या मदतीनं शिखर चढण्यात कमीपणा आहे असं मी मानत नाही. १९८५ साली डिक बास नावाचा पंचावन्न वर्षांचा अमेरिकन उद्योजक डेव्हिड ब्रेशियर्स या कसलेल्या गिर्यारोहकाच्या सोबतीनं एव्हरेस्टवर पोचला, आणि ज्याचा धंदा गिर्यारोहण नाही असा माणूसही साथ चांगली असली तर तिथवर जाऊ शकतो हे जगाला दिसलं. पुढच्या दहा वर्षांत अशा मोहिमांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आज हंगामात नेपाळच्या बाजूनं वाटेवर जिथे लागेल तिथे शिखरापर्यंत दोर लावलेले असतात, वरच्या कॅम्पवर तंबू उभे असतात, ऑक्सिजनचे सिलिंडर आधीच पोचलेले असतात. या सगळ्याचे पैसे तू भरणार, आणि ते सगळं त्या पत्रकात रंगीत छापलेलं आहे. एकच गोष्ट मला त्यात कुठे सापडली नाही. वर गेल्यावर ‘बास, आता परत’ असं कोण म्हणणार, कधी म्हणणार, आणि तू ते ऐकशील याची काय व्यवस्था आहे? मला जे सांगायचंय ते सगळं याबद्दलच आहे.

१० मे १९९६ ची हकीकत तू ऐकली असशील. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा त्या काळातला अत्यंत भरवशाचा मोहीमप्रमुख. फार तर दुपारी दोनपर्यंत शिखर गाठायचं, नाहीतर जिथे असाल तिथून फिरायचं, हा त्याचा दंडक. आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, त्यानं डग हॅन्सन या ग्राहकाला शिखराच्या अगदी जवळून परत फिरवलं होतं. हॅन्सन टपाल खात्यात नोकरी करायचा. तो ९६ साली पुन्हा आला. या वेळी तो शिखरावर पोचला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते आणि हॉल त्याच्यासाठी वरच थांबला होता. दोघेही खाली आले नाहीत. त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. दुसऱ्या मोहिमेचा प्रमुख स्कॉट फिशर त्यांत होता, आणि उत्तरेकडून चढलेले आपल्या इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाचे तिघेही होते.

दोनचा दंडक हॉलनंच घातला होता, तो विसरला असेल असं मला वाटत नाही. एकदा हात लावता येईल इतक्या अंतरावरून परत पाठवलेल्या, पुन्हा सगळी जुळवाजुळव करून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणणं त्याच्यासारख्यालाही जड गेलं असावं. तू कर्ज काढून जाणार आहेस. तुझ्याबरोबरच्या शेर्पाला दोन दिवसांत ते कळेल, तुझ्या बोलण्यातूनच कळेल. म्हणजे शिखराच्या अलीकडच्या साउथ समिटवर उभं राहून जो निर्णय घ्यायचा, त्यात पतसंस्थेचा हप्ताही येऊन बसणार.

त्याच वसंतात गोरान क्रोप हा स्वीडिश तरुण तिथे होता. स्वीडनहून सायकलनं नेपाळपर्यंत आलेला, आणि ऑक्सिजनशिवाय, शेर्पांच्या मदतीशिवाय चढणारा. ३ मे रोजी शिखर सुमारे शंभर मीटर उरलेलं असताना उशीर झाला म्हणून तो फिरला. इतके महिने पायंडल मारून आलेला माणूस! पण उतरायला लागेल तेवढी ताकद आणि उजेड हातात ठेवून तो फिरला, खाली आला, आणि २३ मे रोजी पुन्हा जाऊन शिखरावर पोचला. मला विचारशील तर त्या मोसमातलं सर्वांत मोठं गिर्यारोहण ३ मेचं होतं.

आता ऑक्सिजनचा हिशेब. नेहमीच्या चार लिटरच्या सिलिंडरमध्ये दाबाखाली सुमारे बाराशे लिटर वायू भरलेला असतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तर तो दहा तास पुरतो, चार लिटर सोडला तर पाचच तास. साउथ कोल या खिंडीतून, म्हणजे साधारण ७,९०० मीटरवरून, लोक रात्री निघतात, सकाळी शिखरावर पोचतात आणि दुपारपर्यंत कोलवर परततात. पंधरा-सोळा तास धडधाकट माणसालाही लागतात. त्या हिशेबानं तुला तीन सिलिंडर देतील. यात आता शिखराखालच्या धारेवर दोन तासांची रांग घाल. २०१९ च्या मे महिन्यात नेपाळी गिर्यारोहक निर्मल पुर्जा यांनी काढलेला त्या रांगेचा फोटो तुझ्याकडे असेलच. त्या वर्षी नेपाळनं ३८१ परवाने दिले होते, चांगल्या हवेचे दिवस थोडे मिळाले, आणि त्या हंगामात अकरा जण गेले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. रांगेत नुसतं उभं राहिलं तरी सिलिंडर रिकामा होतच असतो आणि शरीर गारठत असतं. म्हणून परतीची वेळ नुसती घड्याळावर ठरवून भागत नाही. कुठल्या टप्प्यावर सिलिंडरचा काटा कितीवर असायला हवा, हे निघण्याआधी आपल्या शेर्पाजवळ बसून वहीत लिहून घ्यायचं. तोंडी ठरलेलं तिथे आठवत नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश असतो, आणि डोकं चालेनासं झालंय हे त्या डोक्यालाच कळत नाही.

तुला सांगितलेला खर्चाचा आकडा इतर कंपन्यांपेक्षा बराच कमी आहे, त्याचं तुला कौतुक वाटतंय. मला काळजी वाटते. सप्टेंबर २०२५ पासून नेपाळ सरकारचं परवाना शुल्कच ११,००० डॉलरचं १५,००० डॉलर झालं आहे. ते वजा करून उरलेल्या पैशांत किती शेर्पा, किती सिलिंडर, कसले रेग्युलेटर आणि कसला डॉक्टर बसतो, हे कागद घेऊन मांड. २०१६ साली पश्चिम बंगालमधून चौघे गेले होते. साध्या घरांतली माणसं, काटकसर करून पैसे साठवलेली, स्वस्तात जुळवलेली मोहीम. उशीर होऊनही ते चढत राहिले, उतरताना ऑक्सिजन संपला, आणि चौघांतली एकटी बाई जिवंत परतली. दोघांचे मृतदेह वरच राहिले. ते आणायला पुढच्या वर्षी शेर्पांचं पथक पाठवावं लागलं, तो खर्च राज्य सरकारनं उचलला. घरच्यांनी ते मधलं वर्ष कसं काढलं असेल याची कल्पना मला करवत नाही. सोनू, ती माणसं तुझ्यामाझ्यासारखीच होती म्हणून हे लिहिलं.

शेर्पांविषयी थोडं जास्त लिहिते, कारण पत्रकात त्यांना ‘सपोर्ट स्टाफ’ एवढ्यात उरकलं आहे. बेस कॅम्पच्या वर खुंबूचा हिमप्रपात लागतो. सरकत्या हिमनदीचे इमारतींएवढे सुळके आणि मध्ये भेगा, त्यांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकलेल्या. ऊन लागायच्या आत पार व्हायचं म्हणून रात्रीच निघतात. तू त्यातून मोजक्या वेळा जाशील. शेर्पा त्याच्या कितीतरी पट जातो, तुझा तंबू, तुझा गॅस, तुझे सिलिंडर पाठीवर घेऊन. १८ एप्रिल २०१४ रोजी सकाळी पश्चिम खांद्यावरून बर्फाचा मोठा लोट तिथे कोसळला आणि १६ नेपाळी कामकरी एका घटकेत गेले. सरकारनं तातडीची मदत जाहीर केली ती प्रत्येकी चाळीस हजार नेपाळी रुपयांची. त्यावर शेर्पा संतापले, त्यांनी काम थांबवलं, आणि तो हंगाम नेपाळच्या बाजूनं तिथेच आटोपला. त्यांचा संताप रास्त होता. तेव्हा पैसे भरण्याआधी कंपनीला विचार, तुमच्या शेर्पांचा विमा किती रकमेचा आहे, त्यांना पगार किती देता, माझ्याबरोबर जो येणार तो याआधी कुठल्या शिखरांवर गेला आहे. जी कंपनी या प्रश्नांना आढेवेढे घेईल तिच्या नादी लागू नकोस.

आणि हे तर कुठल्याच पत्रकात छापत नाहीत. बहुतेक मोहिमांत ग्राहक शिखरावर पोचला की शेर्पाला वेगळा बोनस मिळतो. हंगामाच्या त्या कमाईवर त्याचं वर्षाचं घर चालतं, मुलांची काठमांडूतली शाळा चालते. म्हणजे तुला परत फिरवणं हे त्याच्या पदरचं नुकसान. ही गाठ तू बेस कॅम्पवरच सोडव. पहिल्याच दिवशी मोहीमप्रमुखासमोर त्याला सांग, ‘दाई, शिखर झालं काय आणि नाही झालं काय, तुमचा बोनस पूर्ण मिळेल, तुम्ही फिरा म्हणालात की मी फिरेन, हुज्जत घालणार नाही.’ ते पैसे आधीच बाजूला काढून ठेव. तुझ्या सुरक्षिततेवर होणारा याहून मोलाचा खर्च मला माहीत नाही.

शेर्पा आहे ना, काही झालं तर उचलून आणेल, असं ताईला सांगून तू तिची समजूत काढलीस म्हणे. असं पुन्हा सांगू नकोस. २०२३ च्या मे महिन्यात गेल्जे शेर्पा यांनी आपल्या ग्राहकाची चढाई अर्ध्यावर थांबवली आणि वर अडकून पडलेल्या एका मलेशियन गिर्यारोहकाला पाठीवर घेऊन कित्येक तास उतरत खाली आणलं. त्याची जगभर बातमी झाली, कारण तसं सहसा घडत नाही. ८,००० मीटरच्या वर जो स्वतःच्या पायांनी उतरू शकत नाही, त्याला उतरवणं सहसा कोणालाच जमत नाही.

तुझ्या तयारीबद्दल. तू रोज अजिंक्यतारा पळत चढतेस, सातारा हाफ मॅरेथॉन चांगल्या वेळेत पुरी केलीस, याचा मला अभिमान आहे. पण अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार मीटरवर. आपलं कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर. विरळ हवा तुझ्या शरीराला मानवते की नाही हे सह्याद्री सांगू शकत नाही, आणि दमसास चांगला असणं ही त्याची हमी नव्हे. उलट दणकट मुलं तिथे जास्त फसतात, कारण त्यांना वेग आवरत नाही. हिमाचलमधल्या एका कॅम्पवर असाच एक मुलगा होता, सगळ्यांच्या पुढे चालणारा. डोकं दुखतंय हे त्यानं दोन दिवस लपवलं आणि गुपचूप गोळ्या घेत राहिला. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत चहाचा मग धरताना त्याचा हात चुकला, तेव्हा मी जमिनीवर दोर सरळ टाकला आणि त्यावरून टाचेला पाऊल जोडत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो बाजूला कलंडला आणि हसला. त्याला ती गंमत वाटली. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण. त्याला त्याच रात्री दोघांच्या आधारानं खाली पाठवला. सकाळी खालच्या कॅम्पवर त्यानं स्वतःहून खायला मागितलं. यावर डेक्सामेथासोनसारखी औषधं असतात, पण ती उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, चढत राहण्यासाठी नाहीत. कोरडा खोकला, बसल्या जागी लागणारी धाप, एखाद्याचं अचानक गप्प होणं, अडखळत बोलणं, ही लक्षणं पाठ कर आणि स्वतःची लपवू नकोस. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम मोडणारी कार्यक्रमपत्रिका कितीही स्वस्त असली तरी नाकार.

दुसरी तयारी हातांची. लावलेल्या दोरावर चढताना अँकर, म्हणजे दोर पक्का बांधलेली जागा, आली की आधी सेफ्टी कॅरॅबिनर पुढच्या दोरात अडकवायचा, मग जुमार, म्हणजे दोर धरून वर सरकणारी पकड, काढून पुढच्या दोरावर चढवायचा. दोन्ही एकदम कधीच सोडायचे नाहीत. लिहायला दोन ओळी पुरतात. पण ते उणे पंचवीस-तीस अंशांत, जाड मिटन घालून, ऑक्सिजनच्या मास्कमुळे छातीवरचं हार्नेस दिसत नसताना, अंधारात, मागे दहा माणसं खोळंबलेली असताना करायचं असतं, आणि एकेका अँकरवर करायचं असतं. मिटन काढली की बोटांना हिमदंश, नाही काढली तर क्लिप लागत नाही. उतरताना तेच उलटं, दमलेल्या शरीरानं. हे बेस कॅम्पवर दोन दिवसांत शिकवतात, असं तुझ्या पत्रकात आहे. ते वाचून मला राग आला. ज्याला हे हातवळणी नाही तो स्वतःचा वेळ घालवतोच आणि मागच्या सगळ्यांचा ऑक्सिजनही घालवतो.

‘जिल्ह्यातली पहिली महिला एव्हरेस्टवीर’ असा फलक लावायचं गावात ठरलंय, देणगीदारांचे झेंडे शिखरावर फडकवायचे आहेत, हे तू मोठ्या आनंदानं लिहिलंस. त्या लोकांचं तुझ्यावर प्रेम आहे हे मला कळतं. तरीही आत्ताच त्यांना थांबव. जाण्याआधी सत्कार घेऊ नकोस. ज्यांच्याकडून पैसे घेशील त्यांना लेखी सांग की मोहीम अर्ध्यावरून फिरू शकते आणि पैसे परत मिळणार नाहीत. जो देणगीदार हे वाचून मागे सरेल, त्याचे पैसे तुला नकोतच.

मग करायचं काय? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था म्हणजे ‘निम’, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, यांपैकी एका ठिकाणी सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स कर. त्यात ‘ए’ श्रेणी मिळव, म्हणजे ॲडव्हान्सला जाता येईल. मग मनालीजवळचं फ्रेंडशिप, लडाखमधलं ६,२५० मीटरचं कांग यात्से-२ अशी शिखरं कर, निरनिराळ्या लोकांबरोबर कर. त्यानंतर एखादं सात हजारी, ७,१३५ मीटरचं नून किंवा तसंच एखादं. निदान एकदा तरी शिखर न गाठता परत ये आणि तेव्हा स्वतःला नीट पाहा. यात तीन-चार वर्षं जातील. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर गेले, २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण गेले. शेर्पा त्यांच्याबरोबरही होते, पण त्यांच्यामागे सह्याद्रीतली आणि हिमालयातली कित्येक वर्षं होती. तू आत्ता तिशीतही नाहीस. एव्हरेस्ट कुठे पळून जात नाही.

एवढं करूनही धोका संपतो, असं मी तुला सांगणार नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर निमच्याच ॲडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. त्यांत अनुभवी प्रशिक्षक होते. उंच बर्फात असा एक वाटा कायम राहतो, त्याच्यापुढे कोणाचंच शहाणपण चालत नाही. तो स्वीकारायचा की नाही हे तू ठरव, आणि ठरवशील तेव्हा ताई आणि भाऊजींना समोर बसवून, काही न लपवता सांग. बाकीचा धोका मात्र माणसांनी केलेला असतो, घाईचा, कर्जाचा, स्वस्ताईचा, फलकांचा. तो तुझ्या हातात आहे.

बेसिक कोर्सच्या जागा कित्येक महिने आधी भरतात. या आठवड्यात अर्ज कर, वैद्यकीय तपासणी करून घे, आणि त्या कंपनीला येत्या वसंतात येत नाही म्हणून कळवून टाक. पतसंस्थेत जाऊ नकोस. कोर्सची फी मी भरते. दिवाळीत इकडे ये, माझा जुमार आणि दोर काढून ठेवते. जाड हातमोजे घालून, डोळे मिटून अँकर बदलायला शिकू. ताईशी मी बोलते.

तुझी,
मावशी